चिमटा खाली पडू देऊ नका

प्रश्न: माझी क्लासिक ३५० आहे, २०१५ ची, ५८ हजार किलोमीटर झालेली. डावा शॉकअप तेल गाळतोय. बायको मागे बसली की कुंभार्ली घाटात प्रत्येक खड्ड्याला 'धाप्' असा आवाज येतो. बाहेरच्या कंपनीचे गॅसचे शॉकअप मागवायचं ठरवलंय. मी आणि कॉलेजातला मुलगा मिळून घरी अंगणात बसवू शकू का? की, आमचा मेकॅनिक म्हणतो तशी, ही उगाच हौस? – एक वाचक, चिपळूण

उत्तर: हौस आहे, पण उगाच नाही. दोन्ही बाजूंना वर एक, खाली एक, असे चार नट. आमच्या कराडच्या गॅरेजात पोरगा हे काम चहा गार व्हायच्या आत करतो. तुम्हाला दुपार लागेल, लागू दे. खरं काम पाना हातात घेण्याआधीचं आणि पाना ठेवल्यानंतरचं आहे. तिथेच लोक कंटाळा करतात.

मागवण्याआधी मोजा. गाडी मेन स्टँडवर लावा, मागचं चाक अधांतरी ठेवा आणि वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत टेप धरा. नवा शॉकअप त्याच लांबीचा हवा. लांब घेतलात तर साइड स्टँडवर गाडी जास्त कलते. आखूड घेतलात तर ती इतकी सरळ उभी राहते की शेजारच्या पोराचा चेंडू लागला तरी आडवी होईल. शॉकअपच्या टोकांना बोल्ट ज्यातून जातो ते रबरी बुश, त्याच्या भोकाचा व्यास आणि रुंदी व्हर्नियर कॅलिपरने घ्या. टेपने तिथे मिलिमीटरचा घोळ होतोच. शेवटी साडी गार्ड. बाजूला तेलाची डबी असलेले शॉकअप फोटोत फार रुबाबदार दिसतात, पण आपल्याकडे डबी साडी गार्डला किंवा बॅगेच्या पट्टीला घासते. बायको मागे बसणार असेल तर साडी गार्ड काढून टाकणं हा उपाय नव्हे, साधे शॉकअप घ्या.

विकणाऱ्याला तुमचं दोघांचं वजन सांगा. स्प्रिंग वजनावर ठरते, गाडीच्या नावावर नाही. आणि 'गॅस म्हणजे मऊ' हा समज सोडा. आतला नायट्रोजन तेलाला दाबाखाली ठेवतो, म्हणजे खडबडीत रस्त्यावर तेलात फेस होत नाही. मऊ-कडक हे स्प्रिंग आणि आतले व्हॉल्व ठरवतात.

आता काम. चिपळूणचा पाऊस पाहता तुमचे नट नक्की धरलेले असणार. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. सकाळी गाडी चाकांवर उभी असतानाच, मुलाला हँडल धरायला सांगून, चारही नट नुसते 'कट्' आवाज येईपर्यंत सोडवा. रिंग पाना वापरा. उघड्या तोंडाचा पाना घसरला की नटाचे कोपरे जातात, मग छिन्नी-हातोडा आला. उजव्या बाजूला सायलेन्सर आडवा येत असेल तर त्याचा मागचा बोल्ट सैल करून तो थोडा बाजूला घ्या, पाना तिरका घालून बघू नका.

मग मेन स्टँड, आणि मागच्या चाकाखाली फळी. चाक फळीला जेमतेम टेकलं पाहिजे. ही फळी विसरू नका, कारण मी विसरलो होतो. गॅरेज नवीन होतं, वय पंचवीस, घाई. दोन्ही शॉकअप एकदम काढले. चिमटा, म्हणजे मागचं चाक धरणारा स्विंगआर्म, धाडकन खाली गेला, बोट मडगार्डच्या पट्टीत सापडलं, आणि उचकलेली गाडी स्टँडवरून पुढे सरकली. गिऱ्हाईक समोर उभं होतं. नख काळं पडून पुन्हा यायला चार महिने लागले आणि गिऱ्हाईक परत आलं नाही. म्हणून एका वेळी एकच बाजू. दुसरा शॉकअप चिमटा धरून ठेवतो, तोपर्यंत नवा जागेवर जातो. भोक जुळत नसेल तर फळीखाली वर्तमानपत्राची घडी घाला किंवा काढा, तेवढ्याने बोल्ट सरकन आत जातो. हातोडीने ठोकावं लागत असेल तर काहीतरी चुकतंय.

वायसर कुठला आत होता, कुठला बाहेर, याचा काढतानाच मोबाइलवर फोटो घ्या. आतला वायसर राहिला तर शॉकअप वाकडा बसतो आणि बुश दोन महिन्यांत खाऊन जातो. शॉकअपचं कुठलं तोंड वर हे माहितीपत्रकात बघा. काही उलटे चालतात, काही नाही. जे चालत नाहीत ते उलटे लावले तर आतला वायू व्हॉल्वपाशी येतो आणि शॉकअप पोकळ वागतो. लेबल सुलटं वाचता येतंय म्हणून शॉकअप सुलटा, असं समजू नका.

नट हाताने आवळून घ्या, शेवटचा आवळ मात्र गाडी स्टँडवरून खाली काढून, कोणाला तरी सीटवर बसवून द्या. रबरी बुश हवेत आवळलं की बसल्याबरोबर पिळलं जातं आणि तसंच पिळलेलं राहतं. आवळ किती, तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. टॉर्क पाना एका दिवसासाठी मागून आणा. मनगटाच्या अंदाजावर आटे गेलेले मी भरपूर पाहिलेत, त्यातले काही माझ्याच मनगटाने. पन्नासेक किलोमीटर चालवून चारही नट पुन्हा तपासा, चेनचा ढिलेपणा बघा, आणि रात्री हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर तर जात नाही ना, तेही.

राहिली बसकण, म्हणजे तुम्ही बसल्यावर गाडी किती खाली जाते ते. चाक अधांतरी असताना एक्सलच्या मध्यापासून मडगार्डवरच्या चिकटपट्टीच्या खुणेपर्यंत उभं मोजा. मग गाडी खाली घेऊन, हेल्मेट-जॅकेटसकट तुम्ही बसा आणि मुलाला तेच अंतर परत मोजू द्या. तुमच्या गाडीच्या मागच्या चाकाला ८० मिलिमीटरची हालचाल आहे. त्याची साधारण एक तृतीयांश, म्हणजे २५ ते २७ मिलिमीटर बसकण आली की छान. जास्त आली तर सी-पान्याने (आकड्यासारख्या वाकड्या पान्याने) स्प्रिंग दाबणारी खाचेची कडी एक घर वर, दोन्ही बाजूंना सारखी. डबलसीटला आणखी एक-दोन घरं लागतील. एक लक्षात ठेवा: खाच फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर उचलली जाते. शेवटच्या खाचेवरही बायको बसल्यावर 'धाप्' येत असेल, तर स्प्रिंगच तुमच्यासाठी नाजूक आहे. ती बदलून घ्या, खाचेशी झगडू नका.

जुने शॉकअपही गॅसचे असतील तर भंगारात देताना तसं सांगा. आतमध्ये दाब असतो. कोणी कापायला किंवा तापवायला घेतले तर अपघात होईल.

मेकॅनिक काय म्हणतो ते मनावर घेऊ नका. पण नट तुटला तर त्याच्याकडेच जायचंय, तेव्हा आत्ता भांडू नका.

प्रश्न: स्प्लेंडरवर रोज दोन दुधाचे कॅन नेतो. शॉकअप पाचव्या खाचेवर आहेत तरी बसतात. जाड स्प्रिंग टाकू का? – एक दूध उत्पादक, पंढरपूर तालुका

उत्तर: टाकू शकता, पण कॅन रिकामे करून परत येताना गाडी घोड्यासारखी उडेल. जाड स्प्रिंग आवरायला आतलं तेल-व्हॉल्वही त्याच ताकदीचं लागतं, ते जुन्या शॉकअपमध्ये नसतं. बदलायचंच तर स्प्रिंगसकट अख्खी जोडी जड कामाची घ्या. त्याआधी टायरमधली हवा चेनकव्हरवरच्या किंवा पुस्तिकेतल्या डबलसीटच्या आकड्याइतकी आहे का बघा. आणि दोन भरलेले ४० लिटरचे कॅन म्हणजे ८० किलोंहून जास्त वजन झालं, त्यात तुम्ही वेगळे. दोन फेऱ्या परवडत नाहीत का?

प्रश्न: शॉकअपच्या चकचकीत दांड्याला ग्रीस लावावं का? – सोलापूर

उत्तर: नाही. धूळ चिकटते आणि सीलला पॉलिश पेपरसारखी घासते. ओल्या फडक्याने पुसा, आणि वॉशिंग सेंटरवाल्याला फवारा तिथे मारू देऊ नका.