पार्किंगमध्ये प्लग नाही, तर प्लग-इन हायब्रिड गाडी पॉवर स्टेशनवर (म्हणजे सॉकेट असलेल्या बॅटरीच्या खोक्यावर) किंवा जनरेटरवर चार्ज करता येईल का?

प्लग-इन हायब्रिड, म्हणजे प्लगवर चार्ज होणारी आणि पेट्रोलवरही चालणारी गाडी, अशी चार्ज होईल, पैसे मात्र वाचणार नाहीत. तुमच्या प्रश्नाचा रोख पैशांवरच दिसतोय, म्हणून आधी हिशेब मांडतो आणि जोडणीची भानगड नंतर.

तुम्ही लिहिलंय की 2023 ची टोयोटा प्रियस प्राइम आहे, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहता आणि गाडी उघड्यावर लागते. मोठं पॉवर स्टेशन घरात चार्ज करायचं, रात्री खाली नेऊन गाडीला लावायचं, नाहीतर होंडाचा छोटा जनरेटर घ्यायचा, असा बेत आहे. माझ्याकडे याच गाडीचं आधीचं मॉडेल आहे, 8.8 युनिटच्या बॅटरीचं, आणि वीज गेली तर असावं म्हणून घेतलेलं एक पॉवर स्टेशनही आहे. दोन्हींची गाठ घालून पाहिलेली आहे.

तुमच्या गाडीची बॅटरी 13.6 किलोवॅट-अवरची, म्हणजे 13.6 युनिटची. एसई मॉडेल असेल तर ईपीएच्या (अमेरिकी सरकारच्या पर्यावरण संस्थेच्या) आकड्यांप्रमाणे ती विजेवर 44 मैल जाते आणि 100 मैलांना भिंतीतून 26 युनिट घेते. आता पॉवर स्टेशन बघा. इकोफ्लोच्या डेल्टा प्रोमध्ये 3.6 युनिट मावतात, वजन 45 किलो. आतली वीज इन्व्हर्टरमधून बाहेर येताना घट होते, सॉकेटवर जेमतेम 3 युनिट हाती लागतात. तेवढ्यावर गाडी 11 मैल जाईल, म्हणजे पूर्ण चार्जच्या पाव हिश्शाइतकी.

हे खोकं भरायला घरातली 4 युनिट जातात. माझ्या बिलात युनिट साधारण 20 सेंटला पडतं, म्हणजे 80 सेंट झाले. तेच 11 मैल गाडी पेट्रोलवर नेली असती तर? ही गाडी हायब्रिड मोडमध्ये गॅलनला 52 मैल देते. गॅलन सव्वातीन डॉलर धरलं तर 11 मैलांचं पेट्रोल होतं 69 सेंटचं. म्हणजे रोज रात्री 45 किलोचं धूड लिफ्टनं खाली-वर करायचं आणि वर 11 सेंट पदरचे घालायचे! ऑफिसात फुकट वीज मिळते म्हणून ते खोकं तिथे भरून आणलं, तरी एका खेपेला 70 सेंटच वाचतात. अशा यंत्राला अडीच-तीन हजार डॉलर मोजले तर किंमत वसूल व्हायला चार हजारांच्या आसपास खेपा लागतील. एकही दिवस खाडा न करता अकरा वर्षं. (आणि ऑफिसात फुकट वीज असेल तर थेट गाडीच तिथे लावा की.)

जनरेटरचा हिशेब तर याहून वाईट आहे. होंडाच्या ईयू2200आयची टाकी 0.95 गॅलनची. सलग 1800 वॅटच्या भारावर ती 3.2 तास पुरते, म्हणजे गॅलनमागे सुमारे 6 युनिट वीज. त्या 6 युनिटवर तुमची गाडी 23 मैल जाईल. तेच गॅलन गाडीच्या टाकीत ओतलं असतं तर 52 मैल गेली असती. पेट्रोल जाळून वीज करायची, ती बॅटरीत भरायची, मग मोटर फिरवायची. दर टप्प्याला थोडी गळती ठरलेली. शिवाय पेट्रोलवर चालणारा चांगला जनरेटर तुमच्या बॉनेटखाली आधीच बसवलेला आहे, त्याचे पैसेही तुम्ही दिलेत. अगदीच बॅटरी भरायची हौस असेल तर गाडीत चार्ज मोड आहे, इंजिनच ती भरतं. त्यातही घट होते, पण निदान बाहेर उभं राहून आवाज ऐकावा लागत नाही. आणि जनरेटर गॅरेजमध्ये किंवा बाल्कनीत कधीही चालवू नका, दार उघडं असलं तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इमारतीपासून किमान 20 फूट लांब ठेवायचा, असं इथली सरकारी सुरक्षा यंत्रणाच सांगते. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये ते कसं जमायचं?

एवढं वाचूनही करून बघायचंच असेल, किंवा पॉवर स्टेशन घरात आधीपासून पडलेलं असेल, तर जोडणी समजून घ्या. बहुतेक लोक इथेच अडकतात.

गाडीबरोबर येणारी 120 व्होल्टची केबल म्हणजे नुसती वायर नाही. तिच्या मधल्या डबीतलं सर्किट गाडीशी बोलतं. जे1772 या चार्जिंगच्या मानकाप्रमाणे ती गाडीला एका सिग्नलनं सांगते की जास्तीत जास्त एवढे अँपिअर ओढ. नेहमीच्या केबलवर हा आकडा 12 असतो, म्हणजे 1440 वॅट. हजार वॅटचं पॉवर स्टेशन लावलंत तर ते दोन सेकंदांत ओव्हरलोड दाखवून बंद पडेल. अँपिअर कमी-जास्त करता येणारी केबल वेगळी मिळते, पण या मानकात 6 अँपिअरच्या खालचा आकडा सांगायची सोयच नाही. 6 गुणिले 120, म्हणजे 720 वॅट. त्यामुळे पाचशे वॅटची कॅम्पिंगची यंत्रं इथे बाद. काही गाड्यांत स्क्रीनवरूनच मर्यादा ठरवता येते. शेवरोले व्होल्टमध्ये 8 आणि 12 अँपिअर असे दोन पर्याय होते. माझं मत विचाराल तर सलग 1800 वॅट देणाऱ्या यंत्राच्या खाली जाऊ नका. 12 अँपिअरचा भार तासन् तास राहतो, आणि जाहिरातीतला मोठा आकडा बऱ्याचदा क्षणभराच्या झटक्याचा असतो.

दुसरी अडचण अर्थिंगची. केबलची डबी चार्जिंग सुरू करण्याआधी अर्थ नीट आहे का ते तपासते. घराच्या वायरिंगमध्ये न्यूट्रल आणि अर्थ मुख्य पॅनेलपाशी जोडलेले असतात. पॉवर स्टेशनमध्ये आणि छोट्या इन्व्हर्टर जनरेटरमध्ये बहुधा तसं नसतं, दोन्ही एकमेकांपासून सुटे असतात. मग डबीला वाटतं अर्थच नाही, लाल दिवा लागतो आणि गाडी ढिम्म. भारतात ईव्ही घेतलेल्यांना हा लाल दिवा चांगलाच ओळखीचा आहे: गावच्या घरी 15 अँपिअरचा सॉकेट असतो, तिसऱ्या भोकात मात्र वायर कुठेच गेलेली नसते.

यावर तोडगा म्हणजे बाँडिंग प्लग. न्यूट्रल आणि अर्थ आतून जोडलेला साधा प्लग, जो पॉवर स्टेशनच्या रिकाम्या सॉकेटमध्ये खोचायचा, की डबीचं समाधान होतं. माझ्या यंत्राला तो लावल्याशिवाय गाडीनं दाद दिली नव्हती. तो तयार विकत घ्या, घरी जोडत बसू नका, आणि त्याआधी यंत्राच्या पुस्तिकेत हे चालतं का ते वाचा. हा प्लग चुकूनही घराच्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये जाता कामा नये. त्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवा. पॉवर स्टेशन भिंतीतून चार्ज होत असतानाही तो वापरू नका. आणि यंत्राचं आउटपुट शुद्ध साइन वेव्हचं हवं. आपल्याकडे जुने स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असायचे, तसल्यावर हे प्रयोग नकोत.

सोलर पॅनेलचं थोडक्यात सांगतो. 400 वॅटचं घडीचं पॅनेल दिवसभरात चार तास कडक उन्हाइतकं चाललं तर पॉवर स्टेशनमधून शेवटी एक युनिटच्या आसपास हाती येतं. दिवसाला चार मैल. ज्याच्याकडे अंगण आहे आणि हौस आहे त्यानं करावं. भाड्याच्या फ्लॅटमध्ये पॅनेल मांडणार कुठे?

पॉवर स्टेशन वाईट नाही, फक्त ते गाडीसाठी नाही. 2012 च्या ऑक्टोबरअखेर सँडी वादळ आलं तेव्हा न्यू जर्सीत पेट्रोलसाठी मैलभर रांगा होत्या, 12 काउंटींत (जिल्ह्यांत) गाडीच्या नंबराप्रमाणे सम-विषम पद्धत लावावी लागली, आणि कित्येक पंपांच्या टाक्यांत पेट्रोल असूनही ते वर ओढायला वीज नव्हती. अशा वेळी हातात 3 युनिट असतील तर ती 11 मैलांवर घालवायची की फ्रिज दोन दिवस चालवायचा? मी फ्रिज म्हणेन. प्लग-इन हायब्रिडचा खरा उपयोग तर तेव्हा उलट्या दिशेनं होतो. मित्सुबिशी आउटलँडरच्या प्लग-इन मॉडेलमध्ये किंवा टोयोटा रॅव्ह4 प्राइम एक्सएसईमध्ये 1500 वॅटचं घरगुती आउटलेट आहे. फ्रिज, राउटर, दोन दिवे सहज चालतात, आणि बॅटरी उतरली की इंजिन आहेच.

तुमच्या जागी मी असतो तर तीन हजार डॉलर खिशात ठेवून अपार्टमेंटच्या मॅनेजरला गाठलं असतं. लोक थेट 240 व्होल्टचा चार्जर मागतात, खर्चाचा अंदाज बघून मॅनेजर नाही म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. तुम्हाला त्याची गरजच नाही. तुमची गाडी साध्या 120 व्होल्टवर 11 तासांत पूर्ण भरते, रात्री आठला लावली की सकाळी सातला तयार. पार्किंगजवळ दिव्याचा खांब किंवा लॉन्ड्री रूमची भिंत असेल तर तिथे एक स्वतंत्र सर्किट आणि एक बाहेरचं आउटलेट, एवढंच मागा. वापराचे पैसे महिन्याला ठरावीक देईन म्हणा: रोज पूर्ण चार्ज केलीत तरी दिवसाला साडेअकरा युनिट, म्हणजे महिन्याला सत्तर डॉलरच्या आत. हा आकडा कागदावर लिहून न्या.