जुनी आणि नवी फ्रेंच वाइन पहिल्यांदा चाखताना

भाऊ, जुनी आणि नवी फ्रेंच वाइन शेजारी-शेजारी चाखायचा तुमचा बेत झकास आहे. पण सुरुवातीला दोनच बाटल्या घ्या, दोन्ही बोर्दो या फ्रेंच वाइन-प्रांतातल्या रेड, जमलं तर एकाच उत्पादकाच्या. एक २०१० च्या आसपासची, दुसरी २०२० ची. एक बोर्दो नि एक बरगंडी (फ्रान्सचाच दुसरा वाइन-प्रांत) घेतली की द्राक्षच बदलतं. मग फरक वयाचा की जातीचा, काही कळत नाही.

खरा घोटाळा होतो तापमानात. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी म्हणतात, ती खोली फ्रान्सातली, मे महिन्यातल्या नागपुरातली नव्हे! १६ ते १८ अंश हवेत. उन्हाळ्यात बाटली तास-दीड तास फ्रीजमध्ये ठेवाच, नाहीतर नुसता अल्कोहोलचा भपका येतो. आणि जुनी बाटली कपाटात ठेवून आपला उन्हाळा काढायला लावू नका.

बाकी एवढंच सांभाळा:

- जुनी बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवा. गाळ बसतो. हळू ओता, तळचं सोडून द्या.
- नवी तासभर आधी जगमध्ये ओतून ठेवा. जुनीला एवढा वेळ नको, तिचा वास उडून जाऊ शकतो.
- आधी नवी चाखा, मग जुनी. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरा: नवीची कड जांभळट, जुनीची विटकरी. नवीत काळी फळं आणि हिरड्या आवळणारा तुरटपणा. जुनीत चामडं, तंबाखू, ओली माती.
- सावजी मटण नंतर. सोबत साधा पाव, पाणी.

जुनी आवडली नाही तर बिनधास्त सांगा. बहुतेक फ्रेंच वाइन काही वर्षांतच प्यायची असते.