बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नवीन लागलास, पगाराचं आधी बघ

फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात लागलास, बरं झालं. पण ‘हातात किती?’ एवढंच विचारून गप्प बसू नकोस. कर्नाटकात किमान वेतन म्हणजे मूळ पगार अधिक महागाई भत्ता, आणि हा भत्ता दर १ एप्रिलला बदलतो. मेच्या पगारातही जुनाच आकडा दिसला, तर पाणी मुरतंय समज. दर कामाच्या कौशल्यावर ठरतो; मोल्डिंग, म्हणजे साचे बनवण्याचं कुशल काम करणाऱ्याला कागदावर हेल्पर दाखवायचं, हा इथला जुना खेळ. शिनोळीतल्या मित्राशी तुलना करू नकोस. हाकेच्या अंतरावर असली तरी ती महाराष्ट्रात, तिथले दर वेगळे. ओव्हरटाइम मात्र दुप्पट दरानंच. ठेकेदारानं पैसे बुडवले तर जिथं काम करतोस त्या मूळ कंपनीला धरता येतं. कोऱ्या व्हाउचरवर सही? अजिबात नको. हजेरी कार्डाचा फोटो काढत जा. लेबर ऑफिसात तक्रार करताना तोच कामाला येतो.