चौथी लेव्हल कुठली?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. परवा रात्री साडेअकराला तुमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या, गोष्ट रचायच्या खेळातल्या एका मुलाबद्दल तुझा मेसेज आला, "काका, तो म्हणतो त्याची चौथी लेव्हल झाली, मी म्हणते नाही झाली. पुस्तक दोघांकडे एकच आहे." मोबाइलवर एवढं सगळं टाइप करणं माझ्या बोटांना जमत नाही. म्हणून हे पत्र.

गंमत अशी की तुम्ही दोघं एकाच वाक्यावर बोट ठेवताय. फायटर (लढवय्या) या क्लासच्या, म्हणजे पेशाच्या, प्रकरणात लिहिलंय की चौथ्या लेव्हलला पोचलात की एखादी अॅबिलिटी (ताकद, चपळाई असा गुण) दोनने वाढवा, नाहीतर दोन अॅबिलिटी एकेकाने. त्याच्या तीन लेव्हल फायटरच्या आणि एक रोगची, म्हणजे चोरट्याची (हा शब्द देवनागरीत लिहिला की आजारपण वाटतं, पण इलाज नाही). बेरीज चार. तो बेरीज मोजतो, तू नुसता फायटर मोजतेस. बरोबर तू आहेस. पण का बरोबर, ते तुला टेबलावर सांगता आलं नाही. "मी डीएम आहे", खेळ मी चालवते, एवढंच सांगितलंस, आणि तिथेच पोरं बिथरली.

माझी उभी हयात आस्थापना शाखेत गेली, म्हणून मला हे कोडं जरा लवकर सुटतं. एखादा कर्मचारी एका संवर्गातून दुसऱ्यात गेला की त्याच्या पेन्शनसाठी सगळी नोकरी धरतात. ज्येष्ठता यादीत मात्र तो नव्या संवर्गात शेवटी जाऊन बसतो. दोन्हीकडे शब्द एकच, "सेवा". दर वर्षी कोणीतरी सेवापुस्तक घेऊन टेबलाशी यायचा आणि म्हणायचा, साहेब, माझी अठरा वर्षं झाली. मी विचारायचो, कशासाठी झाली?

तुमच्या गेममध्ये हेच आहे. एकूण लेव्हलवर काय चालतं? एक्सपीचा, म्हणजे अनुभवाच्या गुणांचा, तक्ता: दुसरीला ३००, तिसरीला ९००, चौथीला २,७००, पाचवीला ६,५००. पुढची लेव्हल कुठल्याही क्लासची घे, आकडा बदलत नाही. प्रोफिशियन्सी बोनस, म्हणजे येत असलेल्या कामात फाशात मिळवायचा आकडा, तोही एकूणवरच, पाचव्या लेव्हलला २ चा ३ होतो. क्लासच्या लेव्हलवर काय चालतं? त्या क्लासनं दिलेलं सगळं. फायटरचा दुसरा वार फायटरच्या पाचव्या लेव्हलला मिळतो, आणि अॅबिलिटीची वाढ फायटरच्या चौथ्या.

आता तुझ्या त्या हुशार मुलानं अजून काढलेला नाही असा मुद्दा सांगतो, उद्या तो काढणारच. फायर बोल्ट या आगीच्या मंत्राच्या वर्णनातही अगदी तेच शब्द आहेत, पाचव्या लेव्हलला पोचलात की दहा बाजूंच्या एका फाशाऐवजी दोन टाका. आणि तिथे मात्र एकूण लेव्हल मोजायची! शब्द तेच, मोजणी उलटी. कारण फायटरचं वाक्य फायटरच्या घरात राहतं, आणि फायर बोल्ट कुठल्याच क्लासच्या घरात राहत नाही, तो स्पेलच्या (मंत्रांच्या) यादीत आहे. वेदवाक्यांचा खल करणाऱ्या मीमांसकांनी अर्थ लावायला श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान, समाख्या अशी सहा साधनं सांगितली आहेत. मला टेबलावर त्यातली प्रकरण आणि स्थान ही दोनच पुरतात. वाक्य वाचून अडलीस की पानं मागे उलट आणि ते कुठल्या मथळ्याखाली बसलंय ते बघ. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

(तुमच्याकडे २०१४ चं पुस्तक आहे. कोणी २०२४ च्या आवृत्तीतली पानं फोनवर दाखवायला लागला तर फोन पिशवीत ठेवायला सांग. त्यात सगळ्यांना सबक्लास (क्लासची उपशाखा) तिसऱ्या लेव्हलला मिळतो, तुमच्यात क्लेरिकला (पुजाऱ्याला) पहिल्यालाच. सरमिसळ केलीस की हिशेब लागणार नाही.)

दुसरा घोळ पूर्वलक्षी प्रभावाचा. आठव्या लेव्हलला एखाद्यानं कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १५ चं १६ केलं. मॉडिफायर, म्हणजे त्या आकड्यावरून मिळणारी बेरीज, एकने वाढला. हिट पॉइंट (किती मार सोसतो ते) एक वाढणार की आठ? आठ. मागच्या प्रत्येक लेव्हलची थकबाकी मिळते, पुस्तकात स्पष्ट आहे. पण जुन्या ३.५ आवृत्तीत इंटेलिजन्स वाढवला तर मागच्या लेव्हलचे स्किल पॉइंट मिळत नसत, आणि त्याच आवृत्तीत कॉन्स्टिट्यूशनचे हिट पॉइंट मात्र मागचेही मिळत. तेव्हा "तिथे देता तर इथे का नाही" हा युक्तिवाद ऐकायला गोड असला, तरी पुस्तकानं जिथे थकबाकी लिहिली आहे तिथेच द्यायची.

आता माझी चूक सांगतो, कारण तू त्याच वाटेनं निघाली आहेस. आमच्या टेबलावर एक जण फायटर चार, क्लेरिक एक होता. एकूण पाच झाले म्हणून तो दोन वार करायचा आणि मीही करू दिले. चार सेशन. पाचव्या सेशनला ऐन लढाईत मला पुस्तकातली ओळ सापडली आणि मी तिथल्या तिथे त्याचा दुसरा वार काढून घेतला. त्याच रात्री त्याचं कॅरेक्टर मेलं. तो वाद घालत बसला नाही. कॅरेक्टरच्या शीटची चार घडीत घडी घातली, खिशात ठेवली, आमच्याबरोबर कॉलेज रोडला चहा प्यायला आला, घरी गेला. पुन्हा आला नाही. नियमानं मी बरोबर होतो!

आणि लाज कशाची वाटते सांगू? ऑफिसात मी असं कधीच केलं नसतं. डिसेंबर २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा रफिक मसीह प्रकरणातला निकाल आम्हाला पाठ असायचा. वर्ग तीन-चारच्या कर्मचाऱ्याला कार्यालयाच्या चुकीनं जादा पगार गेला असेल तर तो वसूल करायचा नाही, निवृत्त माणसाकडून नाही, पाच वर्षांहून जास्त काळ जात राहिला असेल तरी नाही. हिशेब पुढे दुरुस्त करा, मागचा माणसाच्या मानेवर बसवू नका. घरच्या टेबलावर मात्र मी वसुलीला निघालो. तू त्या मुलाला सांग, नियम असा आहे, पुढच्या सेशनपासून लागू. आणि हे माहीत असतं तर त्यानं रोग घेतलाच नसता, असं तो म्हणाला तर ती लेव्हल बदलून फायटरची करू दे. एकदाच. पुस्तकात तशी सोय नाही, पण न सांगितलेल्या नियमाचा दंड त्यानं का भरावा?

एक्सपी मोजायचा कंटाळा येतो म्हणून तू माइलस्टोनवर, म्हणजे गोष्टीतला टप्पा गाठला की लेव्हल, यावर जाणार म्हणालीस. जा. आपल्याकडे नाशकात पूर असाच मोजतात. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते बातमीत येतं, पण रामकुंडावर माणूस विचारतो, पाणी गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? गुडघा, कंबर, छाती. कोणाला गणित लागत नाही. पण तो मारुती पुराच्या आधीपासून तिथे उभा आहे म्हणून हे जमतं. "किल्ला घेतला की लेव्हल" असं म्हणालीस तर घेतला म्हणजे काय, दरवाजा फुटला की सरदार शरण आला, हे पहिल्याच दिवशी सांग. नाहीतर दरवाजा फोडून दोघं परत फिरतील आणि लेव्हल मागतील. माझ्याकडे मागितली आहे.

रविवारी ये. तुझा तो निळा वीस बाजूंचा फासा आमच्या सोफ्याखाली सापडलाय.

तुझा,
काका

ता.क. तू पाठवलेला त्याच्या शीटचा फोटो आत्ता चष्मा लावून पाहिला. रोगमध्ये मल्टीक्लास करायला, म्हणजे तो दुसरा क्लास घ्यायला, डेक्स्टरिटी (चपळाई) १३ लागते. हा मुलगा आकडे देवनागरीत लिहितो, आणि १ च्या पुढचा आकडा २ आहे की ३, पुसलेल्या पेन्सिलीत काही कळत नाही. तेवढं त्यालाच विचार. आणि १२ निघाले, तर वसुलीचा परिच्छेद आधी वाच, मग त्याला फोन कर.