गुलाबाची पानं कोण कापतंय?

गुलाबाच्या पानांच्या कडा गोल कापलेल्या दिसल्या, त्यात पानांचे तुकडे मिरवत चाललेल्या मुंग्यांचा व्हिडिओ पाहिलात, म्हणून विचारलंत: या मुंग्या पुण्यात असतात का, आणि त्यांच्या जाती किती?

पुण्यातच काय, अख्ख्या आशियात नाहीत. तुमच्याकडचे काप एकटीनं घर करणाऱ्या एका मधमाशीचे आहेत. ती तुकड्यांची सुरळी करून आत अंडं घालते. झाडाला फारसा अपाय नाही, औषध मारू नका.

त्या मुंग्या फक्त अमेरिका खंडांतल्या. उत्तरेला टेक्सास-अ‍ॅरिझोनापासून दक्षिणेला अर्जेंटिनातल्या पॅटागोनियापर्यंत. मधे अँडीज पर्वत आडवा आल्यानं शेजारच्या चिलीत मात्र नाहीत. जाती साधारण पन्नास: अ‍ॅटा या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) पंधरा-वीस, अ‍ॅक्रोमिरमेक्समध्ये तीसेक. २०२० साली त्यातल्या तीन वेगळ्या काढून अमोयमिरमेक्स ही नवी प्रजाती केली, त्यामुळे जुन्या पुस्तकांतले आकडे जुळणार नाहीत.

व्हिडिओ बहुतेक वेळा कोस्टा रिका-पनामाच्या जंगलातले, म्हणून वाटतं की ॲमेझॉनच्या दाट रानात सगळ्यात जास्त जाती असणार. तसं नाही. खरी गर्दी दक्षिण ब्राझील, पॅराग्वे, उत्तर अर्जेंटिना या पट्ट्यात. तिथल्या माळरानावरच्या काही जाती झाडाला हातही लावत नाहीत, गवतच कापतात. उलट क्यूबातली अ‍ॅटा इन्सुलारिस त्या बेटापुरतीच. तिला तिथे बिबिहाग्वा म्हणतात.

समुद्र ओलांडून त्या इकडे का आल्या नाहीत? पिल्लांचं अन्न पान नव्हे, पानांच्या लगद्यावर वाढवलेली बुरशी. नवी राणी उडताना माहेरच्या बुरशीचा कण तोंडातल्या पिशवीत घेऊन निघते, अगदी विरजण न्यावं तसा. राणी आणि विरजण दोन्ही पोचल्याशिवाय वसाहत उभी राहत नाही. टेक्सासच्या जातीला तर थंडीतही ते जपावं लागतं. हिवाळ्यात ती बुरशीची बाग जमिनीत आणखी खोल हलवते. माणसाच्या सामानातून मात्र जमतं: कॅरिबियनमधल्या ग्वादलुपमध्ये १९५४च्या सुमारास अ‍ॅक्रोमिरमेक्सची एक जात अशीच शिरली आणि शेतीच्या मुळावर उठली.

बुरशीची शेती पाहायचीच असेल तर आपल्याकडे वाळवी आहे, तीही मुंगीच्या कुळातली नसून झुरळाच्या. पावसाळ्यात गोव्यात वारुळांवर उगवणारी, चढ्या भावानं विकली जाणारी अळमी, म्हणजे रानातली अळंबी, तिच्याच शेतातली.