कॉम्प्युटर पाण्याने थंड ठेवणाऱ्या कस्टम लूपमधला (स्वतः जोडलेल्या नळ्यांच्या चक्रातला) डी५ पंप ४,८०० आरपीएम (मिनिटाला फेरे) दाखवतो, पण पाणी हलत नाही आणि प्रोसेसर ९० अंशांवर जातो. पंप मेला का?

बहुधा नाही. आरपीएम येतोय म्हणजे मोटर फिरतेय. पाणी हलत नसेल तर पंपात हवा अडकली आहे किंवा ब्लॉकच्या (प्रोसेसरवर बसवलेल्या, पाणी खेळवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) बारीक खाचा तुंबल्या आहेत. हा आकडा मोटरचा असतो, पाण्याच्या प्रवाहाचा नाही. हवेत फिरताना भार नसल्याने तो उलट चढतो. मी नागपुरात अशी यंत्रं दुरुस्त करतो. 'मेलेले' म्हणून आलेले बरेच पंप हवा काढल्यावर चालू लागतात.

आधी रिझर्व्हॉयर (लूपची पाण्याची टाकी) भरा, मग मदरबोर्डची वीज काढून पॉवर सप्लायवर फक्त पंप चालवा आणि कॅबिनेट चारही बाजूंनी कलतं करा. कोरडा मात्र चालवू नका, त्याच्या बेअरिंगला वंगण पाण्याचंच असतं. बुडबुडे थांबूनही प्रवाह नसेल तर ब्लॉक उघडा. नळाचं पाणी भरलं असेल तर कारण तिथेच दिसेल: घरातल्या कूलरच्या जाळीवर उन्हाळ्यात जो पांढरा थर चढतो, तोच. पुढे डिस्टिल्ड पाणी आणि शेवाळरोधक द्रव.

आरपीएम शून्य असेल तर गोष्ट वेगळी. डी५ला वीज सहसा पॉवर सप्लायच्या साटा किंवा मोलेक्स जोडणीतून मिळते, मदरबोर्डवरच्या पंख्याच्या जोडणीला लावलेल्या वायरीतून फक्त वेगाचा संकेत जातो. १२ व्होल्ट पोचूनही, आतलं चाक साफ करूनही फिरला नाही, तर नवा घ्या. मे महिन्यात खोलीच ४० अंशांची असते, तेव्हा लूपचं पाणी ६० च्या खाली ठेवा; डी५ची मर्यादा तेवढीच.