आधी पैसा, मग राजकारण?

तुझा मेसेज वाचला. आधी चाळिशीपर्यंत भरपूर कमवायचं आणि मग राजकारणात उतरायचं, म्हणजे कुणापुढे हात पसरायला नको, असं तुझं म्हणणं. वाईट नाहीये आयडिया, पण असाच पैसा करून राजकारणात आलेला एक माणूस नीट बघ, रशियाचा मिखाईल प्रोखोरोव.

कॉलेजात असताना स्टोनवॉश जीन्सचा धंदा, मग १९९३ मध्ये व्लादिमीर पोतानिन या भागीदारासोबत ओनेक्सिम बँक. खरी लॉटरी लागली १९९५ ला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांच्या सरकारची तिजोरी रिकामी, म्हणून सरकारी कंपन्यांचे शेअर्स गहाण ठेवून बँकांकडून कर्ज उचलायची स्कीम निघाली, आणि ही स्कीम सुचवली कुणी तर पोतानिननेच! नोरिल्स्क निकेल या निकेल काढणाऱ्या सरकारी कंपनीच्या ३८ टक्के शेअर्सचा लिलाव भरवला ओनेक्सिमने, बेस प्राइस १७ कोटी डॉलर, दुपटीहून मोठी एक बोली आली ती बाद केली आणि १७ कोटी १ लाखाला माल ओनेक्सिमच्याच पदरात. सरकारने कर्ज फेडलंच नाही, गहाण शेअर्स बँकेकडेच राहिले, विषय संपला.

धंद्यात माणूस हुशार, वादच नाही. पोतानिनशी फाटल्यावर एप्रिल २००८ मध्ये नोरिल्स्कचा हिस्सा रुसाल या ॲल्युमिनियम कंपनीला विकला, बदल्यात तिचे थोडे शेअर्स आणि बरीच रोकड घेतली, आणि सहा महिन्यांत जगभरची मार्केटं कोसळली तेव्हा बाकीचे धनदांडगे कर्जात बुडालेले आणि हा नोटांवर बसलेला. टायमिंग शिकायचं तर इथून शीक. (त्याची ती यो-मोबिल गाडी बाजारात आलीच नाही, शेवटी एका युरोला प्रोजेक्ट देऊन टाकला, ते सोड.)

राजकारणात मात्र जून २०११ ला राइट कॉज या उदारमतवादी पक्षाचा अध्यक्ष झाला आणि सप्टेंबरात उचलबांगडी, तेव्हा क्रेमलिनमधून देशाचं राजकारण हाताळणाऱ्या सुर्कोवला कळसूत्री बाहुल्या नाचवणारा म्हणून मोकळा झाला. मग अपक्ष म्हणून २० लाख सह्या गोळा करून राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला, मार्च २०१२ मध्ये जवळपास ८ टक्के मतं, देशात तिसरा, मॉस्कोत दुसरा. क्रेमलिननेच उभा केलाय असं लोक म्हणायचे, तो नाही म्हणायचा. मला विचारशील तर त्याने फारसा फरक पडत नाही, कारण पुढचं बघ. त्याच्या मालकीचा आरबीके हा माध्यमसमूह पुतिनच्या जवळच्या लोकांच्या बातम्या छापायला लागला, एप्रिल २०१६ मध्ये ओनेक्सिमच्या ऑफिसवर छापे, मे मध्ये आरबीकेचे मोठे संपादक बाहेर, आणि २०१७ मध्ये त्याने आरबीके विकूनच टाकला.

म्हणजे अब्जावधी डॉलर खिशात असूनही हात बांधलेलेच, कारण मुळात जे मिळालं ते सरकारच्या मर्जीने मिळालं होतं आणि मर्जी कधीही फिरते.

आता तुझा प्लॅन काढ. पहिल्या तीन वर्षांची निम्म्याहून जास्त कमाई दोन सरकारी टेंडरांतून दाखवलीयेस. ती दोन्ही कापून टाक, धंदा किती महिने तग धरतो तो आकडा काढून रविवारपर्यंत पाठव, मग निवडणुकीचं बोलू.